फेडता येईल तेवढंच वैर

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. आठ वर्षं झाली, गोलमागच्या स्टँडमध्ये आमच्या फुटबॉल क्लबच्या सपोर्टर ग्रुपबरोबर उभा राहतो. माझे दाजी शहरातल्याच दुसऱ्या क्लबचे. इतकी वर्षं आमची चिडवाचिडवी मजेत चालायची. गेल्या डर्बीला, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्याला, ते माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन आले होते. गेटबाहेर आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी त्यांच्या गळ्यातला स्कार्फ हिसकावला. मी तिथेच होतो. अडवलं नाही, उलट मोबाइलवर शूट केलं. मध्यंतरात तो स्कार्फ कठड्यावर उलटा टांगला आणि फ्लेअरने, म्हणजे धूर-ज्वाळा ओकणाऱ्या नळकांड्याने, जाळला. त्यांचे काही समर्थक पूर्वी बस अपघातात गेले होते, त्यावरचं गाणं सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. तेव्हापासून दाजी बोलत नाहीत, ताई फोन कापते, भाचा समोर येत नाही. पाच आठवड्यांनी पुन्हा डर्बी आहे. त्यांचे लोक स्टेशनवर उतरतील तिथेच त्यांना गाठायचं, असं ग्रुपमध्ये ठरतंय. नाही गेलो तर गद्दार ठरेन. डर्बीत हे थोडंफार चालायचंच ना? मग मर्यादा कुठे मानायची?
– गोलमागचा

उत्तर : डर्बीत खूप काही चालतं आणि ते चालायलाच हवं. समोरच्या स्टँडकडे बोटं दाखवून नव्वद मिनिटं घसा फोडणं, त्यांच्या गोलकीपरच्या हातून सुटलेल्या एका बॉलवर वर्षभर गाणी रचणं, ट्रॉफीचं कपाट रिकामं असल्याची दर आठवड्याला आठवण करून देणं, ते खालच्या डिव्हिजनमध्ये गेले तर ती तारीख पाठ करून ठेवणं, हे सगळं रास्त. एकाच ऑफिसात, एकाच घरात दोन रंग नांदतात म्हणून तर डर्बीला धार येते. ती बोथट करा, असं आम्ही सांगणार नाही.

मर्यादा ओळखायची आमची खूण एकच. जे केलं, ते समोरच्याला पुढच्या डर्बीत फेडता येईल का? पराभव फेडता येतो. टोमणाही फेडता येतो, तीन-शून्यने जिंकून अगदी व्याजासकट. फुटलेला डोळा, गेलेला माणूस, भेदरलेलं पोर हे कुठल्याच स्कोअरने फिटत नाही. तुमच्या पत्रातल्या गोष्टी या खुणेवर घासून पाहू.

आधी स्कार्फ. बाहेरच्या माणसाला तो कापडाचा तुकडा वाटेल, पण गोलमागे उभं राहणाऱ्याला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. युरोपातल्या अल्ट्रा, म्हणजे कट्टर समर्थकांच्या, ग्रुपांत हिसकावलेलं बॅनर कठड्यावर उलटं टांगणं हा सगळ्यांत मोठा अपमान. मुख्य बॅनर गेलं म्हणून ग्रुपच बरखास्त केल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच त्याची परतफेड नेहमी चढ्या भावाने होते. आज एक स्कार्फ, पुढच्या वेळी चार, मग बॅनर, मग बॅनर सांभाळणाऱ्याला मार. दाजी या खेळात उतरलेच नव्हते. ते कुठल्या ग्रुपचे नाहीत, पोराला मॅच दाखवायला आलेला बाप आहे तो. आणि गळ्याभोवती वेढा मारलेला स्कार्फ मागून दोघांनी ओढला, तर तो सुटून येण्याआधी फास बसतो. भाच्याने हात धरलेल्या बाबांना असं मागे खेचलं जाताना पाहिलं आणि पलीकडे मोबाइल धरून मामा उभा होता. तो तुमच्यासमोर का येत नाही, याचं उत्तर एवढ्यात आलं.

फ्लेअरचं नीट सांगायला हवं, कारण ग्रुपांमध्ये त्याला दिवाळीतल्या फुलबाजीसारखं वागवतात. हातात धरायची फ्लेअर १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पाणी ओतून ती भरवशाने विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या मिश्रणातच असतो. मैदानावरचे कर्मचारी तिच्यासाठी कोरड्या वाळूची बादली ठेवतात ते त्यासाठीच. स्कार्फ बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो पेटला की वितळून थेंब पडतात आणि ते कातडीला चिकटतात. कठड्याखालच्या रांगेत त्या वेळी कोणी मान वर करून पाहत असतं, तर? १९७९ च्या रोम डर्बीत रोमाच्या स्टँडमधून सोडलेली फ्लेअर अख्खं मैदान ओलांडून लाझिओच्या एका समर्थकाच्या डोळ्यात घुसली आणि तो गेला. सामना सुरू व्हायचा होता. एप्रिल २००५ मध्ये मिलानच्या दोन क्लबांमधल्या चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात इंटरच्या स्टँडमधून फ्लेअरचा मारा झाला, एक एसी मिलानचा गोलकीपर दिदा याच्या खांद्यावर पडली. सामना सोडून द्यावा लागला, निकाल ३-० असा मिलानच्या बाजूने दिला गेला आणि इंटरला युरोपातले पुढचे काही सामने रिकाम्या स्टँडपुढे खेळावे लागले. त्या रात्रीचं एक छायाचित्र आजही फिरतं. इंटरचा मातेरात्सी मिलानच्या रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकून उभा आहे, दोघे लाल धुराकडे बघतायत. मैदानावरचे कट्टर प्रतिस्पर्धी शेजारी उभे आणि त्यांच्या नावाने भांडणाऱ्यांनी सामनाच संपवलेला.

आता गाणं. पत्रातलं हे आम्हाला सगळ्यांत जास्त लागलं. मेलेला माणूस परत टोमणा मारू शकत नाही, त्याची आई त्याच स्टेडियममध्ये बसलेली असू शकते. फुटबॉलमध्ये ही रेघ ओढून झालेली आहे. इंग्लंडमध्ये मृतांवरून डिवचणाऱ्या घोषणा आता गुन्हा म्हणून हाताळल्या जातात. २०२३ च्या एफए कप फायनलला हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीच्या ९७ मृतांची टिंगल करणारा आकडा पाठीवर लावून आलेल्या माणसाला दंड झाला आणि चार वर्षं मैदानबंदी झाली.

त्याच हिल्सबरोची दुसरी बाजू बघा. १५ एप्रिल १९८९ ला लिव्हरपूलचे समर्थक तिथे चेंगरले. लिव्हरपूलचं अ‍ॅनफील्ड आणि त्याच शहरातल्या एव्हर्टनचं त्या वेळचं गुडिसन पार्क यांच्यामध्ये फक्त स्टॅन्ली पार्क ही बाग. आठवड्याभराने लोकांनी एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत स्कार्फला स्कार्फ बांधत साखळी नेली, लिव्हरपूलचे लाल आणि एव्हर्टनचे निळे एकत्र. तुमच्या ग्रुपने जी वस्तू जाळली, तीच. यावरून कोणी म्हणेल की त्यांच्यात ईर्षाच नसेल. तर प्रीमियर लीगमध्ये सर्वांत जास्त रेड कार्ड याच डर्बीत निघाली आहेत. टॅकल कडक, पण मेलेल्यांना हात नाही. ग्लासगोतही जानेवारी १९७१ मध्ये रेंजर्स-सेल्टिक सामन्याच्या शेवटी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ जण गेले, आणि त्याच महिन्यात दोन्ही क्लबांचे खेळाडू एका संघातून मृतांच्या कुटुंबांसाठी खेळले.

अडवलं का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रात दिसतो. इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेडच्या समर्थकांना आधी त्यांच्या क्लबबद्दल लिहायला लावलं, मग वाटेत एक जण त्यांच्यासमोर घसरून पडला. अंगात युनायटेडची जर्सी होती तेव्हा १३ पैकी १२ जणांनी मदत केली, कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची होती तेव्हा १० पैकी ३ जणांनीच. दुसऱ्या फेरीत त्यांना क्लबऐवजी ‘फुटबॉलप्रेमी असणं म्हणजे काय’ यावर लिहायला लावलं. या वेळी लिव्हरपूलच्या जर्सीतल्या माणसाला १० पैकी ७ जण धावले. माणसं त्याच जातकुळीची, डोक्यात कोणता शब्द आधी ठेवला एवढाच फरक. गेटबाहेर तुमच्या डोळ्यांना दाजी दिसलेच नाहीत, फक्त रंग दिसला. हे समजून घ्या, पण दाजींसमोर सबब म्हणून वापरू नका.

स्टेशनचा बेत. इथे मधला मार्ग नाही. जाऊ नका, ‘लांबून बघतो’ म्हणूनही नाही. कोणी पडलं तर व्हिडिओत तुम्ही जमावात दिसाल आणि लांब किती होतात हे कोणी मोजत बसणार नाही. स्टेशनवर उतरणाऱ्यांत भाच्याच्या वयाची मुलंही असतील. मागे सरकायला जागा नसते आणि शेजारी रूळ असतात. २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या लिबेर्तादोरेस कपच्या फायनलआधी रिव्हर प्लेटच्या समर्थकांनी बोका ज्युनियर्सच्या बसवर हल्ला केला, काचा लागून खेळाडू जखमी झाले. सामना ब्यूनस आयर्समधून थेट माद्रिदला हलवला. रिव्हरने कप जिंकला, पण आपल्या मैदानावर, आपल्या लोकांपुढे नाही.

न जाणं पुरेसंही नाही. जागा आणि वेळ तुम्हाला माहीत आहे, म्हणजे ती कळवायची जबाबदारीही आली. बऱ्याच क्लबांकडे समर्थकांशी संपर्क ठेवणारा अधिकारी असतो, युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना तर तो नेमावाच लागतो. त्याला, नाहीतर सरळ पोलिसांना, ‘अमुक स्टेशन, अमुक वेळ’ एवढं तरी कळवा. तेवढ्यावरही पाहुण्यांचा रस्ता बदलता येतो. सामन्याच्या दिवशी नाही, किमान आठवडाभर आधी, कारण बंदोबस्त तेव्हाच ठरतो. याला गद्दारी म्हणत असतील तर म्हणू देत. अशा मारामारीनंतर क्लबला रिकामं स्टेडियम मिळालं, की तुमच्याच स्टँडमधले हजारो लोक बाहेर राहतात. क्लबशी इमान कोणी राखलं, ते तेव्हा दिसतं.

ग्रुपमध्ये बोलायचं तर सगळ्यांसमोर नको. जमावात कोणालाच माघार घेता येत नाही. गाणी सुरू करणारा आणि ड्रम वाजवणारा, या दोघांना वेगवेगळं गाठा, सामना नसलेल्या दिवशी. ‘स्टेशनला मी नाही आणि ते गाणं मी म्हणणार नाही’ एवढंच सांगा, भाषण नको. तुमच्यासारखे आणखी पाचसहा निघतीलच, त्यांनाही आधी पकडून ठेवा. स्टँडमध्ये घाणेरडं गाणं उठतं ते पहिल्या दहाबारा गळ्यांवर आणि ड्रमने ठेका धरला तर. शिट्ट्या वाजवून ते थांबत नाही, गोंगाटात शिट्टी विरते. त्याच क्षणी दुसरं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं मोठ्याने उचला. ड्रम तिकडे वळला की पहिलं दोन ओळींत पडतं. तरीही चाललंच, तर तिथून निघा आणि बाजूच्या स्टँडमध्ये बसा. आठ वर्षांची जागा सोडणं सोपं नाही, ठाऊक आहे आम्हाला. पण दुसरी जागा तिकीट काढून मिळते.

आता घर. फोन, मेसेज, ताईमार्फत निरोप यातलं काही नको. दाजींना एकट्याने भेटा, क्लबचा एकही रंग अंगावर नको. सुरुवात ‘ग्रुपने केलं’ अशी करू नका. ‘मी उभा होतो, मी शूट केलं, मी ते गाणं म्हटलं’ ही तीन वाक्यं, याच क्रमाने. ‘पण तुमचे लोकसुद्धा’ हे शब्द तोंडात आले तर गिळा. व्हिडिओ जिथे जिथे टाकला तिथून काढा, ज्यांनी पुढे पाठवला त्यांना काढायला लावा, भाच्याचा चेहरा दिसत असेल तर ते आजच. मूळ फाइल मात्र दाजींना विचारल्याशिवाय पुसू नका. तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं आणि करायची म्हटली तर तो पुरावा आहे. त्यात तुम्हीही अडकाल, तरी.

स्कार्फ भरून द्या. त्यांच्या क्लबच्या दुकानात स्वतः जा, दुसऱ्याला पाठवू नका. कोणता होता ते आधी विचारा. कुठल्या तरी फायनलचा, वडिलांनी दिलेला असेल तर तसा मिळणार नाही, मग नवा देताना ‘त्याची भरपाई’ म्हणू नका. आणि कृपा करून दोन्ही क्लबांचे रंग अर्धे-अर्धे असलेला स्कार्फ नेऊ नका. मुरलेल्या समर्थकाला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, तो बघवत नाही.

भाच्याशी वेगळं बोला, ताईला विचारून. मुलाला मोठं स्पष्टीकरण नको असतं. ‘बाबांचा स्कार्फ ओढला तेव्हा मी मदत करायला हवी होती, मी केली नाही, मी चुकलो.’ तो गप्प बसला तर बसू द्या. त्याला तुमच्या क्लबच्या वस्तू देऊन खूश करायला जाऊ नका, त्याचा रंग ठरलेला आहे.

दाजींनी दार उघडलं नाही, तर महिन्याभराने पुन्हा एकदा जा, रोज नको. पुढच्या डर्बीला ते येणार असतील, तर त्यांना त्यांच्या गेटपर्यंत सोबत करू का, असं एकदा विचारा. हो म्हणाले तर साधं जॅकेट घालून जा, सामना सुरू होण्याआधी तासभर तरी निघा म्हणजे गर्दीचा लोंढा टळतो, आणि गेटवरूनच परत फिरा. त्यांच्या स्टँडमध्ये बसायचा मोह नको. तुमच्या क्लबने गोल केला की तोंड आवरणार नाही आणि कर्मचारी बाहेर काढतील, तेही भाच्यादेखत. शेवटच्या शिट्टीनंतर तासभर मोबाइल खिशात ठेवा. तुम्ही जिंकलात तर पहिला मेसेज त्यांचा येऊ द्या. ते जिंकले तर पहिला मेसेज तुमचा, अभिनंदनाचा, एका ओळीचा. त्यावर त्यांनी खवचट काही लिहून पाठवलं, तर ते जपून ठेवा, पुढच्या डर्बीत फेडायला.