काम गेलं, आता शिकू म्हणणाऱ्या भावाला

भावा, शिरोलीतलं काम गेलं म्हणून हातपाय गाळू नकोस. तुझ्या पगारातनं ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापले जात होते न्हवं? मग 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' बघ. काम गेलेल्याला तिच्यातनं भत्ता मिळतो: सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही जन्मात एकदाच. योजनेची मुदत वाढवत वाढवत आणलीय, म्हणून आधी चालू आहे का विचार. शिक्षा म्हणून काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्तीवाल्याला मिळत नाही. तेव्हा हिशोबाच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते वाचूनच सही कर. माझ्या वेळी मालकाच्या क्लार्कनं सुटल्याची तारीखच चुकीची भरली. ती दुरुस्त करून घेताना चपला झिजल्या, त्या पण कोल्हापुरी!

आता कॉलेजचं. तीन महिन्यांच्या पैशावर तीन वर्षांची पदवी होत नाही, लगा. रोज हजेरी लागणारा कोर्स घेतलास तर नवं काम आल्यावर सुटणार. त्यापेक्षा शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ बरं. कुठं स्टायपेंड मिळणार असेल तर मात्र ईएसआयच्या ऑफिसात आधी सांग, लपवू नकोस. आणि पहिला हप्ता आला की फी भर, मोबाईल नंतर.