सांगलीत शिकतोय, पहिली गाडी घ्यायचीय, पूर येतो म्हणून जुनी एसयूव्ही घ्यावी का?

तुझा प्रश्न असा की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेज विश्रामबागला, रूम गावभागात, घरून साडेतीन लाख मिळणार आहेत आणि पुराची भीती म्हणून दहा-अकरा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही बघतोयस कारण ती उंच आहे. माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. ती एसयूव्ही घेऊ नकोस. सांगलीच्या पुराला उंच गाडी हे उत्तरच नाही.

जरा आकडे बघ. एसयूव्हीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, २०० मिलिमीटर धर, वॅगन आरचा १६५ आहे, म्हणजे फरक साडेतीन सेंटिमीटर, दोन बोटं. आणि कृष्णेचं पाणी आपण फुटात मोजतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही वर. त्या दोन पुरांमधला फरकच चार फुटांच्या आसपास आहे. गावभागात, मारुती चौकात, हरभट रोडला ज्यांनी २०१९ ला गाड्या हलवल्या नाहीत त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं, २००५ ला इथपर्यंत पाणी आलं नव्हतं. त्या चार फुटांत सगळ्या गाड्या सारख्याच बुडाल्या, अल्टो काय आणि मोठी गाडी काय.

पण सांगलीचा पूर एका बाबतीत आपल्याला सवड देतो आणि तुझी सगळी निवड त्यावर उभी राहिली पाहिजे असं मला वाटतं. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडवरून इथं पोचायला साधारण दिवस-दीड दिवस घेतं, पातळी तासाला फूट-इंचात वाढते, प्रत्येक वाढ लोकांच्या मोबाईलवर फिरत असते. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये रात्रीतून पाणी चढलं, लोकांना गाडीची चावी शोधायला वेळ मिळाला नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माणसं चालत्या रस्त्यावर गाडीत अडकली, काही तर दरवाजे न उघडल्यामुळं आतच गेली. आपल्याकडं गाडी रस्त्यात सहसा बुडत नाही, ती पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बुडते. म्हणून गाडीच्या आधी पुराच्या आठवड्यात ती कुठं लावणार हे ठरव. तुझं कॉलेज उंचावर आहे, २०१९ ला पाणी तिथपर्यंत नव्हतं, त्या भागात एखाद्या मित्राच्या सोसायटीत किंवा त्याच्या घरमालकाच्या दारात जागा मिळते का हे जून लागायच्या आधी विचारून ठेव, पाणी ४० कडं सरकलं की सगळेच विचारत फिरतात. मी तर ३५ फूट झालं आणि वर पाऊस चालूच असेल तर गाडी हलवतो, इशारा पातळीची वाट बघत नाही, कारण नंतर रस्त्यावरच गर्दी होते. बेसमेंटला लावू नकोस, तिथं नदीच्या आधी गटारीचं पाणी येतं. आणि रूम बदलायचा विचार असेल तर दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड हे भाग पहिल्यांदा पाण्यात जातात, शामरावनगरला तर नदी शांत असतानाही नुसत्या पावसानं पाणी साठतं.

दुसरी गोष्ट इन्शुरन्स, आणि जुनी मोठी की नवी छोटी याचा निकाल खरं तर इथंच लागतो. नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणाऱ्या विम्यात, पुराचं काहीच मिळत नाही. फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरतात, पण इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला आणि आतला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला तर कंपनी म्हणते हे पुरामुळं नाही, तुमच्या स्टार्ट करण्यामुळं झालं, आणि इंजिनचा खर्च तुझ्या गळ्यात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं. अडचण अशी की बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपुढच्या गाडीला ते देत नाहीत, काही देतात, झिरो डेपचंही तसंच, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारं ॲड-ऑन. म्हणजे तुझ्या अकरा वर्षांच्या एसयूव्हीला हे मिळणं जवळपास अशक्य, वर तिची विमा किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती इतकी खाली आलेली असेल की गाडी पूर्ण गेली तरी हातात थोडकेच पैसे येतील. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, आणि जुन्या गाडीत पाणी सीटपर्यंत आलं तर ही वेळ यायला उशीर लागत नाही.

म्हणून माझा सल्ला, साडेतीन लाखात मोठी गाडी न बघता नवी गाडी बघ. नवी म्हणजे कमी वर्षांची. जुलै २०१९ नंतर बनलेलीच घे, कारण तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), रिव्हर्स सेन्सर हे कंपनीला द्यावंच लागतं, त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काही नसू शकतं आणि तू नवीन चालवणार आहेस. पेट्रोल, मॅन्युअल, साधी हॅचबॅक. अल्टो, एस-प्रेसो, क्विड, सेलेरिओ यातलं जे चांगलं मिळेल ते. उंचीच हवी असेल तर एस-प्रेसो १८० मिलिमीटर आहे, क्विडही त्याच्या आसपासच, म्हणजे तुझ्या एसयूव्हीपेक्षा फार कमी नाहीच. फक्त या छोट्या गाड्या क्रॅश टेस्टमध्ये कमजोर आहेत हे मनात ठेव, शहरात आणि मिरजेपर्यंत ठीक, दर शनिवारी पुण्याला हायवेनं जाणार असशील तर घरी बोलून बजेट थोडं ताण आणि २०२० ची किंवा पुढची टियागो बघ, तिला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार आहेत. ऑटोमॅटिकचा मोह टाळ, पाण्यात बसलेली गाडी सोडवताना मॅन्युअलची दुरुस्ती सोपी पडते. आणि इलेक्ट्रिकबद्दल कुणी सांगेल की बॅटरी आयपी ६७ दर्जाची आहे, पाण्यानं काही होत नाही. त्या दर्जाची चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, आपल्याकडं पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं.

आता सगळ्यात जास्त जपून करायचं काम, बुडालेली गाडी ओळखणं. सांगली, कोल्हापूर, चिपळूणला पुरात गेलेल्या गाड्या भंगारात संपत नाहीत, धुऊन पुसून परत बाजारात येतात, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून फिरून येतात, त्यामुळं नुसतं पासिंग एमएच १० नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. मागं एका ओळखीच्यांसाठी गाडी बघायला गेलो होतो, बाहेरून चकचकीत, सीट कव्हर नवीन, आत वास पण छान. ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, म्हणजे रोज लावताना जेवढा येतो त्याच्या पुढंही ओढत गेलो, तर शेवटचा हातभर पट्टा मातकट निघाला, कडक झालेला, बोटानं चोळला तर बारीक काळा गाळ हाताला लागला. तिथूनच परत फिरलो. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो कितीही धुतला तरी बेल्टच्या रीळात, सीटच्या रेल्समध्ये, स्टेपनीच्या खड्ड्यात राहतोच. तू पण चारही बेल्ट असेच ओढ, डिकीतली स्टेपनी काढून खाली हात फिरव, ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेटचा कोपरा उचलून खालचा पत्रा आणि फोम बघ, डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारून स्क्रू आणि कनेक्टरवर गंज किंवा हिरवट थर आहे का बघ. गाडी चार वर्षांची आणि कार्पेट कोरं करकरीत असेल तर कार्पेट का बदललं हे विचार. आत खूप सेंट मारला असेल तर काचा बंद करून एसी न लावता दहा मिनिटं बसून राहा, ओल असेल तर कळते. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून हिस्टरी काढायला मालकालाच सोबत ने, आणि जुनी इन्शुरन्स पॉलिसी माग, एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, एकदम शून्यावर आलेला दिसला तर मागच्या वर्षी क्लेम कशाचा केला हे विचार, पुराच्या दिवसांतला क्लेम असेल तर सोडून दे. शेवटी तुझ्या ओळखीच्या मेस्त्रीला दाखव, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नको.

गाडी घेतल्यावर रस्त्यात पाणी दिसलं तर एकच माप, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर जायचं नाही, वाहतं असेल तर त्याहून कमीलाही नाही, छोटी गाडी फूटभर वाहत्या पाण्यात उचलली जाते. पुढचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही, त्याची हवा ओढायची जागा आपल्या छतापाशी असते आणि आपली बॉनेटच्या आत पुढंच. आणि इतकं करूनही पार्किंगमध्ये पाणी शिरलंच तर ओसरल्यावर चावी लावून बघू जरा, हे अजिबात करायचं नाही, नुसतं इग्निशनही ऑन करायचं नाही. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती रेघ दिसेल असे फोटो काढ, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोड, इन्शुरन्सला कळव आणि गाडी टोचन न करता क्रेनच्या गाडीवर चढवून ने. पुराच्या आठवड्यात क्रेन मिळायला वेळ लागतो, लागू दे, उभ्या गाडीला तेवढा धोका नाही जेवढा एका स्टार्टरला आहे.

पैशाचं शेवटचं. साडेतीनच्या साडेतीन गाडीत घालू नकोस, बोली तीन लाखाच्या आत थांबव. राहिलेल्यात नाव ट्रान्सफर, फुल इन्शुरन्स आणि मिळालं तर इंजिन प्रोटेक्ट, टायर, बॅटरी एवढं बसतं. आरसी तुझ्या किंवा बाबांच्या नावावर करायला टाकतानाच, गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, पॉलिसीही त्याच नावावर करायला अर्ज दे, नाहीतर गाडी तुझी आणि पॉलिसी जुन्या मालकाची अशा अवस्थेत पूर आला तर क्लेम अडकतो. पावसाळा तोंडावर असताना घाईत घेणार असशील तर हे सगळं होईपर्यंत गाडी रूमवर आणूच नकोस, विश्रामबागलाच ठेव.