टॉवर स्पीकरखाली स्पाइक लावल्याने आवाज खरंच सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोत दुसऱ्या मजल्यावर १२ बाय १० फुटांचा हॉल आहे, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, स्पीकर प्रत्येकी २२ किलोचे. बास, म्हणजे खालचे स्वर, घुमतो आणि दुकानदार म्हणतो, स्पाइक (स्पीकरच्या तळाला पिळायचे टोकदार पाय) लावा, बास टाइट होईल. मी इंदिरानगरला राहतो, हॉल जवळपास तेवढाच, आणि हा उद्योग करून बसलेला माणूस आहे. टाइल्सवर स्पाइक लावून घुमणं जात नाही. मला मात्र ते गेल्यासारखं वाटलं होतं, आणि तीच गंमत आहे.

स्पाइक स्पीकरच्या खोक्यातच आले होते. एका रविवारी मेहुण्याला हाताशी घेऊन स्पीकर आडवे केले, स्पाइक पिळले, पुन्हा उभे केले. तबल्याची रेकॉर्ड लावली तर डग्गा मोकळा झालेला! आधी नुसतं ढुम्म ढुम्म, आता घिस्सा वेगळा कळत होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, काम झालं." पुढचे आठ दिवस मी येईल त्याला बसवून ऐकवत होतो.

मग बायकोने झाडू मारताना विचारलं, "भिंतीपाशी हे चौकोन कसले?" धुळीच्या कडांचे दोन चौकोन होते. स्पीकरची जुनी जागा. उभे करताना आम्ही ते नकळत वीतभर पुढे आणून ठेवले होते. त्याच संध्याकाळी स्पाइकसकट परत चौकोनांवर नेले, तर ढुम्म हजर. स्पाइक काढून पुढच्या जागी ठेवले, तर डग्गा मोकळा. म्हणजे श्रेय वीतभर अंतराचं होतं, स्पाइक फुकटचा हार घालून घेत होते.

कारण असं की खालचे स्वर स्पीकरमधून चारी दिशांना पसरतात. मागे भिंत चिकटून असली की तिथून परतलेला आवाज पुढच्यात मिसळतो आणि बास ६ डेसिबलपर्यंत फुगू शकतो; कोपऱ्यात त्याहून जास्त. त्यात खोलीचे स्वतःचे स्वर असतात, समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराप्रमाणे घुमणारे. तुमच्या १२ फुटांच्या बाजूचा सगळ्यात खालचा स्वर ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, १० फुटांच्या बाजूचा ५६ च्या. छत साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर त्याचाही ५६ ते ५९. दोन स्वर एकाच जागी दाटीवाटीने बसलेत, म्हणून तुमची खोली तेवढ्याच पट्टीत गुरगुरते. त्याला खिळे ठोकून इलाज नाही. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढून बघा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोही थोडा पुढे घ्या. पण अगदी खोलीच्या मध्यावर बसू नका, तिथे तो खालचा स्वर जवळजवळ गायब होतो.

मग स्पाइक बनवले तरी कशाला? विलायतेत बऱ्याच ठिकाणी घरभर गालिचा अंथरलेला असतो. जाड गालिच्यावर उंच, निमुळता स्पीकर डुगडुगतो. टोकदार पाय गालिचा भेदून खालच्या टणक जमिनीवर टेकतात आणि स्पीकर स्थिर राहतो. आपल्याकडे फरशी आधीच टणक, भेदायचं काय?

दुकानात हमखास ऐकवतात की स्पाइकमधून कंपनं फक्त खाली जातात, वर येत नाहीत. धातूच्या खिळ्याला असली एकेरी वाहतूक कळत नाही. कंपन दोन्हीकडे सारखंच जातं. शिवाय स्पीकरचा पडदा, समजा, ३० ग्रॅमचा आणि पेटी २२ किलोची. पडदा ५ मिलिमीटर हलला तरी पेटी त्याच्या प्रतिक्रियेने साधारण ०.००७ मिलिमीटर सरकेल, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. अर्थात पेटी घट्ट उभी असेल तर. डुगडुगत असेल तर वेगळं, आणि टाइल्स क्वचितच एका पातळीत बसवलेल्या असतात. तिथे स्पाइकचे आटे कमीजास्त पिळून स्पीकर नीट बसवता येतो, हा खरा उपयोग. पण ते काम दुमडलेला पुठ्ठाही करतो.

आता फरशीचं. २२ किलो चार टोकांवर म्हणजे टोकाला साडेपाच किलो. टोक एक चौरस मिलिमीटर धरलं तर दाब चौरस सेंटिमीटरला ५५० किलो. आमची एक टाइल स्पीकर जरा फिरवताना तडकली. गवंडी आला, रुपयाचं नाणं वाजवत गेला आणि म्हणाला, "साहेब, ही खालून पोकळ आहे, माल पूर्ण भरलेला नाही." तुम्हीही आधी नाणं वाजवून बघा, पोकळ टाइलचा आवाज बद्द येतो. स्पाइक लावायचेच असतील तर खाली धातूच्या चकत्या ठेवा. जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं झकास चालतं.

खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार असेल तर स्पाइक उलट काम करतील. खलबत्ता कुटताना आपण खाली पोत्याची घडी ठेवतो, खिळे नाही. पण रबरही डोळे झाकून घेऊ नका. स्पीकरच्या वजनाने रबर किंवा स्प्रिंग निदान मिलिमीटरभर तरी दबली पाहिजे. तेव्हा तिची स्वतःची डुलण्याची गती ढोबळमानाने १६ हर्ट्झवर येते आणि त्याच्या साधारण दीडपटीवरची कंपनं ती अडवू लागते. जे रबर दबतच नाही ते दगडासारखंच. आणि हवेतून स्लॅबपर्यंत पोचणारा बास कुठलंच रबर अडवत नाही, तिथे आवाज कमी करणं आलं.

खालच्या ठेवणीने फरक पडलेला मी एकाच ठिकाणी बघितलाय. पंचवटीत काळाराम मंदिराजवळ मावशीचा वाडा होता, माडीवर लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन. कुणी जिना चढलं की रेकॉर्ड प्लेयरची सुई उडायची, आणि बास आला की सगळी माडी साथ करायची. तिथे आम्ही प्रत्येक स्पीकरखाली गोणपाटाची जाड घडी आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. फळ्या बऱ्याच शांत झाल्या. सुई तशीच उडत राहिली, म्हणून प्लेयर काढून भिंतीतल्या कोनाड्यात बसवला. शेवटी एक झणझण उरली, ती फडताळातल्या पितळी भांड्यांची निघाली. मावशीने वाट्यांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे सारले आणि म्हणाली, "आता लाव तुझं ते."