आई रोज विरहगीतं ऐकते, काळजी करू का?

प्रश्न : बाबांना जाऊन वर्ष होत आलं. आई वेंगुर्ल्याला एकटी असते. तिन्हीसांजेला पडवीत बसून मोबाइलवर विरहाची जुनी गाणी लावते नि डोळे पुसते. बंद करायला सांगू का?
– एक मुलगी, मुंबई

उत्तर : अजिबात सांगू नका. दशावतारात राणीचा विलाप सुरू झाला की आपल्याकडे बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पहाटे मोकळ्या मनाने घरी जातात. लहानपणापासून मी हे देवळासमोर बघत आलेय. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात करुण रसाला मानाची जागा दिली ती उगाच नव्हे. बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७७२ जणांना विचारलं होतं. दुःखी संगीताने सर्वांत जास्त जागी होते ती जुन्या आठवणींची हुरहुर, असं त्यात दिसलं.

गाणं थांबल्यावर आई काय करते, ते बघा. उठून देवाकडे दिवा लावते, पेज टाकते, शेजारच्या काकींना हाक मारते? मग घोर नको. पण जेवणावरची वासना उडाली, झोप नाही, अंगणात वाळत घातलेली सोलं पावसात भिजली तरी उठावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

घरी जाल तेव्हा तिच्याशेजारी बसून ऐका. ‘हे बाबांच्या आवडीचं ना गं?’ एवढंच विचारा आणि तिला बोलू द्या. फोनवरून ‘रडू नकोस’ म्हणणं मात्र टाळा.