आधी कोपर, मग कॉलेज

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा 16 वर्षांचा, आत्ताच दहावी संपली. शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकतो. शनिवार-रविवार ट्रॅव्हल टीमकडून (शाळेबाहेरच्या संघाकडून) खेळतो, तिथे गरज पडली तर कॅचिंगही करतो, म्हणजे पिचरचे चेंडू झेलतो. हिवाळ्यात इनडोअर सराव चालूच असतो. मी स्वतः चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेतली आहे, प्रत्येक पिचची नोंद ठेवतो. ताशी 84 मैलांपर्यंत वेग गेलाय. तीन वर्षांत वीस-बावीस हजार डॉलर खर्च झाले. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या गटाच्या) एका विद्यापीठाकडून जुलैच्या कॅम्पचं आमंत्रण आलंय, म्हणजे त्यांची नजर आहे असं वाटतं. पण कॉलेजच्या कोचना ईमेल केले तर उत्तर येत नाही. फुल स्कॉलरशिप मिळावी, निदान बेसबॉलच्या जोरावर आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांत) प्रवेश तरी. अर्जुन निम्मला या भारतीय वंशाच्या बेसबॉलपटूचं उदाहरण समोर आहेच. कॉलेजचे कोच मुलांचा खेळ बघायला येतात अशा कोणकोणत्या शोकेसला या उन्हाळ्यात न्यावं? एप्रिलपासून त्याचं कोपर जरा दुखतंय, पण ट्रॅव्हल टीमचे कोच म्हणतात की सीझनमध्ये एवढं चालायचंच, आणि वेळ आलीच तर ऑपरेशन असतं, त्यानंतर चेंडू आणखी जोरात पडतो. सामन्याहून परत येताना मुलगा हल्ली गाडीत बोलत नाही.
– एक बाबा

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलंय शोकेसचं, पण मी अडकले ते पत्राच्या शेवटी. एप्रिलपासून कोपर दुखतंय आणि अख्ख्या पत्रात डॉक्टरांचा उल्लेख नाही. तुमचं पत्र चांगल्या भावनेनं लिहिलेलं आहे, मुलासाठी तुम्ही वेळ आणि पैसा दोन्ही ओतलाय, हे दिसतं. तरीही स्पष्ट सांगते, या आठवड्यात मुलानं एकही चेंडू टाकायचा नाही. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घ्या, आणि ते 'टाक' म्हणेपर्यंत ग्लोव्ह कपाटात राहू दे.

तुम्ही प्रत्येक पिचचा वेग लिहून ठेवता. एका दिवसात एकूण किती पिच झाले, हे लिहिता का? मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांनी 2014 मध्ये मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 15-16 वयाच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच, आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. म्हणजे शनिवारी 80 पिच टाकलेल्या मुलानं पुन्हा पिचिंगला उभं राहायचं ते थेट गुरुवारी. वर्षातले किमान चार महिने स्पर्धेत पिचिंग नाही, त्यातले सलग दोन-तीन महिने तर डोक्यावरून चेंडू फेकणंच बंद. एकाच वेळी दोन संघांकडून पिचिंग नको, आणि पिचिंग नसताना कॅचिंगही नको, कारण कॅचरलाही दिवसभर चेंडू फेकावाच लागतो. आता तुमच्या मुलाचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवा. शाळा, ट्रॅव्हल टीम, मध्येच कॅचिंग, हिवाळ्यात इनडोअर. त्या हाताला सुट्टी कधी मिळते? डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगनं पिचरच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाच्या मागे लागणं आणि प्रत्येक पिच पूर्ण जोर लावून टाकणं, ही त्यातली ठळक कारणं आहेत. वर्षभर खेळणाऱ्या, शोकेसमागून शोकेस करणाऱ्या शाळकरी मुलांबद्दलची काळजीही त्यात आहे.

आता त्या ऑपरेशनबद्दल, कारण हा गैरसमज अमेरिकेतल्या अनेक पालकांच्या आणि कोचच्याही डोक्यात आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) फाटला की शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे बसवतात. यानं वेग वाढत नाही. काही पिचर आधीपेक्षा जोरात टाकताना दिसतात, कारण मधल्या काळात त्यांनी पाय, पाठ, खांदा यांच्यावर महिनोन् महिने मेहनत घेतलेली असते, शिवाय ते वयानं मोठे झालेले असतात. तो व्यायाम कोपर न कापताही करता येतो. पिचरला पुन्हा सामन्यात उतरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि सगळे जण पूर्वीसारखे परत येतातच असंही नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा काळ म्हणजे नेमकं अकरावीचं अख्खं वर्ष आणि त्यानंतरचा उन्हाळा, ज्या काळात कॉलेजचे कोच त्याला बघायला येणार. 'वेळ आलीच तर ऑपरेशन असतं' असं सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाला सांगणाऱ्या कोचकडे मी माझा मुलगा एक दिवसही पाठवला नसता. त्याचं कोपर किती बिघडलंय, काही बिघडलंय की नाही, हे डॉक्टर सांगतील. पण दुखणं अंगावर काढायला लावणं हे प्रशिक्षण नव्हे.

ईमेलला उत्तर न येण्याचं कारण साधं आहे. डिव्हिजन वनच्या बेसबॉल कोचना, मुलगा अकरावीत जायच्या वर्षाच्या 1 ऑगस्टपर्यंत, त्याच्याशी प्रवेशाबद्दल बोलायला किंवा लिहायला नियमानंच बंदी आहे. कॅम्पची पत्रकं मात्र ते कधीही, कोणालाही पाठवू शकतात, आणि ढिगानं पाठवतात. तुम्हाला आलेलं आमंत्रण बहुधा त्यातलंच आहे. खरोखर रस असलेला कोच तुमच्या शाळेच्या कोचला फोन करून मुलाची चौकशी करतो. त्यामुळे शाळेच्या कोचना विचारा, कोणी विचारपूस केली का? नसेल तर जुलैच्या कॅम्पचे पैसे भरू नका. कोपर दुखत असताना तर भरूच नका.

फुल स्कॉलरशिपचं गणितही जुळत नाही. कित्येक वर्षं डिव्हिजन वनमधल्या एका बेसबॉल टीमला मिळून 11.7 पूर्ण स्कॉलरशिपइतकेच पैसे देता यायचे, आणि ते 27 पर्यंत खेळाडूंत वाटले जायचे. कॉलेज खेळांबद्दलच्या 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना ही मर्यादा उरली नाही, पण टीम 34 खेळाडूंपुरती झाली. प्रत्येकाला पूर्ण पैसे देण्याइतकं बजेट मोजक्याच विद्यापीठांकडे असतं. त्यात दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणारे एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू कोचला हवे असतात. शाळेत बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण सात जण एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेतल्या कुठल्या तरी कॉलेजकडून खेळतात, डिव्हिजन वनमध्ये दोन-तीन. आणि आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाही. तिथे कोचचा शब्द प्रवेशाला उपयोगी पडतो, पण मार्क त्या तोलाचे लागतात. एसएटी परीक्षा, एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेज पातळीचे विषय) आणि एनसीएएला लागणारे 16 कोअर विषय यांचं नियोजन शाळेच्या काउन्सेलरबरोबर बसून करा, त्यात नवं काही नाही.

अर्जुन निम्मला मेजर लीगच्या 2023 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) विसावा निवडला गेला, टोरांटो ब्लू जेजकडून, वयाच्या सतराव्या वर्षी. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर, पिचर नव्हे. भारतीय घरातला मुलगा तिथवर पोचला याचा मलाही आनंद झाला. पण त्याचं नाव तुमच्या मुलासमोर रोज घेतलं जात असेल तर ते बंद करा. आडनावं भारतीय असली म्हणून दोन मुलांचे खांदे सारखे होत नाहीत.

84 मैल हा या वयाला चांगला वेग आहे, पण मोठ्या डिव्हिजन वन टीमला साधारणपणे 90 च्या आसपासचा किंवा तिथे पोचेल असा मुलगा हवा असतो. 'पोचेल असा' हे महत्त्वाचं. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरायला आलेला माणूस, आजचा आकडा लिहितो आणि मग शरीर बघतो, उंची, खांद्यांची रुंदी, अजून किती भरेल, आईवडिलांची उंचीसुद्धा. चेंडू टाकण्याची लय पंचविसाव्या पिचला टिकते का हे बघतो. फिल्डरच्या हातून झेल सुटला की पिचर त्याच्याकडे कसं बघतो, हेही वहीत जातं. आणि कॅचरच्या मागच्या जाळीमागे रडार गन धरून उभा असलेला बाप त्याला दिसतो. प्रत्येक पिचनंतर मुलाची नजर कॅचरकडे जाते की तुमच्याकडे, तेही दिसतं. कोच चार वर्षांसाठी मुलगा घेतो तेव्हा घरचे कसे आहेत याचाही विचार करतो. रडार गन विकून टाका.

तो गाडीत का बोलत नाही, हे मला न्यू जर्सीपासून इतक्या लांबून कळणार नाही. पण परतीच्या वाटेवर कशाबद्दल बोलणं होतं, याचा अंदाज बांधता येतो. झालेला खर्च मुलानं फेडायचा नसतो. तो पैसा त्याच्या खेळण्यावर झाला आणि त्यात तीन वर्षं तो खेळला, एवढाच त्याचा हिशोब. त्याला एकदा हे मोठ्यानं सांगा, त्याच्या आईसमोर सांगा. मग विचारा, कॉलेजमध्ये बेसबॉल खेळायचंय का? 'नाही' किंवा 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर त्याच्याशी वाद घालू नका.

'हो' म्हणाला तर माझ्या मते डिव्हिजन थ्री नीट बघा. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, शिकागो विद्यापीठ, या सगळ्यांच्या बेसबॉल टीम डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. खेळाची स्कॉलरशिप तिथे नसते, आर्थिक मदत घरची परिस्थिती किंवा अभ्यास बघून मिळते, आणि तीही प्रत्येक ठिकाणी वेगळी. पण मुलगा चार वर्षं खरोखर मैदानावर असतो. मोठ्या विद्यापीठाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा मला हे कधीही बरं वाटतं. कोचना ईमेल त्यानं स्वतः लिहायचे, स्वतःच्या भाषेत, सोबत छोटा व्हिडिओ आणि ट्रान्स्क्रिप्ट (शाळेतल्या मार्कांची प्रत). तुमच्या पत्त्यावरून गेलेला मजकूर कोच लगेच ओळखतात.

या उन्हाळ्यात शोकेस एकही नको. ट्रॅव्हल टीमला लेखी कळवा की डॉक्टरांची परवानगी येईपर्यंत तो पिचिंगही करणार नाही आणि कॅचिंगही नाही. जागा गेली तर जाऊ द्या. पैसे खर्चच करायचे असतील तर ते चांगल्या फिजिओथेरपिस्टवर करा. डॉक्टरांच्या खोलीत प्रश्नांची उत्तरं मुलाला देऊ द्या, कुठे आणि किती दुखतं हे त्यालाच माहीत आहे. तपासणीत काय निघालं ते मला कळवा, कॉलेजांच्या यादीवर आपण त्यानंतर बोलू.