तासांचा हिशेब त्याच संध्याकाळी

बाळा,

डीपीटीच्या, म्हणजे फिजिकल थेरपीतल्या डॉक्टरेटच्या, प्रवेशासाठी पीटीबरोबर (फिजिकल थेरपिस्टबरोबर) काम बघत घालवलेल्या तासांची तुझी एक्सेल शीट उघडली आणि पहिल्याच ओळीवर अडकले. 'समर, आउटपेशंट क्लिनिक, अप्रॉक्स ७५.' खाली विचारलंयस, "मावशी, एवढं चालेल ना? सगळे असंच भरतात." सगळे कसं भरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. सह्या घ्यायला ते माझ्याकडेच येतात.

डीपीटी जमेल का, हे तू विचारलं नाहीस आणि मीही त्यावर शब्द खर्च करत नाही. जमेल. गोंधळ तुझ्या कागदांचा आहे आणि तो आवरता येतो. त्यासाठी माझं एकच म्हणणं आहे, आणि ते या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत ऐकावं लागेल: जेवढे तास झाले तेवढे, घड्याळ बघून, त्याच संध्याकाळी लिही. माझी आई दुधाचे खाडे कालनिर्णयवर लिहायची, ज्या सकाळी दूध आलं नाही त्याच सकाळी. महिनाअखेरीस गवळ्याशी हुज्जत घालायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

काय लिहायचं? आलीस किती वाजता, निघालीस किती वाजता, मधली जेवणाची सुट्टी वजा. जागेचं नाव-पत्ता. कोणत्या प्रकारची जागा: हॉस्पिटलातला अक्यूट वॉर्ड, रिहॅब, नर्सिंग होम, आउटपेशंट, शाळा, होम हेल्थ. पगारी काम की स्वयंसेवा. आणि पीटीचं पूर्ण नाव, ईमेल, राज्य आणि लायसन्स नंबर. पीटीकॅसच्या, म्हणजे कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जात यातलं बरंचसं विचारतात. काही कॉलेजं पीटीची पडताळणी मागतात, काही तू भरलेलं मान्य करतात, काही तर तास मागतच नाहीत. प्रत्येक कॉलेजची अट स्वतः वाच, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नकोस.

आता तुझ्या दुसऱ्या ओळीकडे येते. मंगळवार-गुरुवारच्या दुपारी तू ज्यांच्याबरोबर होतीस ते पीटीए आहेत, म्हणजे पीटीच्या देखरेखीखाली काम करणारे सहाय्यक. माणूस गुणी असेल, आमच्या क्लिनिकमधल्या पीटीएंकडून मीसुद्धा पुष्कळ शिकले आहे. पण बहुतेक कॉलेजांना लायसन्सधारक पीटीच्या हाताखालचे तास हवे असतात. पर्सनल ट्रेनरचे आणि कायरोप्रॅक्टरचे तास तर विसरच. हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. असो. ते तास वेगळ्या रकान्यात, जसे आहेत तसे ठेव. 'पीटी'पुढचं एक अक्षर खोडून ते मोठे करू नकोस.

राहिले ते ७५. गेल्या उन्हाळ्यातली पीटी सोडून गेली आणि आता सही कोण देणार, हे तुझं रडगाणं. बाळा, या अमेरिकेत पीटी सोडून जातातच. ट्रॅव्हल पीटीचं, म्हणजे गावोगाव तात्पुरतं काम करणाऱ्या पीटीचं, कंत्राट बहुधा १३ आठवड्यांचं असतं, तू सेमिस्टर संपवून परत येईपर्यंत ती तिसऱ्या राज्यात. म्हणून तर म्हणते, त्याच संध्याकाळी लिही आणि त्याच आठवड्यात सही घे. आता जे झालं ते झालं. फोनमधले मेसेज काढ, 'आज येऊ का' असं विचारलेले ईमेल काढ, गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर तीही बघ. क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला साइन-इन शीट ठेवलीय का ते विचार. त्या पीटीचं नाव राज्याच्या बोर्डाच्या साइटवर टाक, लायसन्सची माहिती सार्वजनिक असते. ती सापडली की तिला तारखा आणि वेळा देऊन लिही आणि तिला जेवढं आठवतंय तेवढ्याचीच खात्री माग. एवढं करून ३८ निघाले तर ३८ भर. ७५ भरू नकोस. '३८ म्हणजे कमी दिसतील' हे मला सांगू नकोस. उन्हाळा अजून संपलेला नाही.

तुला वाटेल, दहा-वीस तासांचं एवढं काय घेऊन बसली आहे मावशी. ऐक. मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात, आमचं बरंचसं काम १५ मिनिटांच्या युनिटवर मोजतात. आठ मिनिटांच्या आत आटोपलं तर युनिट मिळत नाही, आठ ते बावीस एक, तेवीसपासून दोन. बावीस मिनिटं झालेली असतात आणि समोरच्या स्क्रीनवर तेवीस लिहिणं फार सोपं असतं. मी अशा क्लिनिकमध्येही काम केलंय जिथे मॅनेजर येऊन हळूच विचारायचा, "एक मिनिटच तर आहे." ती नोकरी सोडली. पगार कमी झाला, घरच्यांची बोलणी खाल्ली. तू आत्ता जे ७५ भरायला निघाली आहेस ना, ते तुझं पहिलं तेवीस आहे.

माझा हा हट्ट कुठून आला तेही सांगते. मुंबईत शिकले तेव्हा प्रवेश मार्कांवर झाला, आधी कुणी हॉस्पिटलचं दारही दाखवलं नव्हतं. आत गेल्यावर जर्नल होती. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या व्हरांड्यात सिनियरची जर्नल मधे ठेवून सगळे उतरवून काढायचे, आणि सकाळी सर न वाचता गठ्ठ्यावर सह्या करायचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे. मग इकडच्या लायसन्ससाठी पदवीचं मूल्यमापन करायची वेळ आली. त्यांनी विचारलं, कोणत्या विभागात किती तास क्लिनिकल काम केलं? मी कॉलेजला पत्रं लिहिली, वडिलांना खेटे घालायला लावले. क्लार्क म्हणाला, "ते रजिस्टर खालच्या गोडाऊनमध्ये होतं, पावसात भिजलं." मी खरंच केलेलं काम होतं ते. रात्रपाळीच्या आयसीयूत पेशंटच्या छातीतला कफ मोकळा करत उभी राहिलेली मी, आणि त्याचा कागद कुठेच नाही. शेवटी एका जुन्या मॅडमनी स्वतःच्या डायरीतून आमच्या पोस्टिंगच्या तारखा काढून दिल्या. त्या रोज संध्याकाळी लिहीत असत म्हणून.

आणि आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या आईने तुला एव्हाना सांगितली असेल, थोड्या वेगळ्या रंगात. मंडळातल्या माझ्या एका जवळच्या मैत्रिणीच्या मुलाला मीच आमच्याकडे शॅडोइंगला, म्हणजे पीटीच्या मागे राहून काम बघायला, लावलं होतं. मुलगा हुशार, पण यायचा कधी, जायचा कधी. शेवटी फॉर्म आणला, त्यावर शंभर. साइन-इन शीटवर त्याच्या निम्मेही नव्हते. मी शीटवर होते तेवढ्यांवर सही केली. मैत्रिणीचा फोन आला, "घरच्या मुलासाठी एवढंही करणार नाहीस?" त्यानंतर फोन बंद. गणपतीत समोरासमोर आलो तर ती प्रसादाचं ताट दुसरीकडे घेऊन गेली. ती मला अजून आठवते, विशेषतः पुरणपोळीच्या दिवशी, कारण माझी कधी तिच्यासारखी होत नाही. पण सही माझ्या लायसन्सखाली होती. उद्या कॉलेजने फोन करून विचारलं असतं तर बोलायचं मलाच होतं. आणि अर्ज पाठवताना 'ही माहिती खरी आहे' हे त्यालाच लिहून द्यायचं होतं. मी आजही तेच करीन. तू म्हणशील, मावशी आपलीच बाजू मांडत्येय. मांडत्येय. दुसरं कोण मांडणार?

बरं, तास तासांच्या जागी. पाहिलंस काय, ते वेगळ्या वहीत. हे मात्र त्याच संध्याकाळी लिहायलाच हवं, कारण दोन दिवसांनी डोक्यात फक्त 'नी रिप्लेसमेंट होतं' एवढंच उरतं. परवा तू फोनवर म्हणालीस, हॉस्पिटलमध्ये कंटाळा आला, काही घडलंच नाही, हिपच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एका आजींना उठवलं आणि परत झोपवलं. काही घडलं नाही? तुझ्या पीटीने आधी चार्टमध्ये बघितलं, त्या पायावर किती भार चालेल. झोपलेल्या अवस्थेत रक्तदाब घेतला. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे पेशंटला धरून आधार द्यायचा पट्टा, बांधला, कडेला बसवलं, पुन्हा रक्तदाब घेतला. वरचा आकडा वीसहून जास्तने खाली आला, आजींच्या ओठांवरचा रंग गेला, आणि तिने वॉकर बाजूला सारून त्यांना आडवं केलं, नर्सला सांगितलं. चालवायला आलेली असून तिने चालवलं नाही. मुलाखतीत 'पीटी काय करतो' असं विचारतील तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं हेच आहे. ते लिहिलंस का? नाही. तुला वॉकर आठवतो.

त्या वहीत पेशंटचं नाव नको, खोली नंबर नको, जन्मतारीख नको, फोटो तर अजिबात नको. १९९६च्या हिपा कायद्याखालच्या, पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टींची यादी आहे आणि तिच्यात तारखाही येतात, ८९च्या वरचं नेमकं वयही येतं. म्हणून तासांचा कागद आणि ही वही एकत्र ठेवू नकोस. वहीत 'हॉस्पिटल, वयस्क बाई, हिप' एवढं पुरे.

अर्जातल्या ज्या तासांच्या तारखा ठरल्या आहेत तेच पुढे होणार म्हणून दाखव. 'विंटर ब्रेकमध्ये बघू' वाले काढून टाक. आणि अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक ओळ एकदा मोठ्याने वाच, कारण पाठवल्यावर नवीन नोंद घालता येते, पण भरलेली दुरुस्त करता येत नाही.

रविवारपर्यंत सुधारलेली शीट पाठव. 'अप्रॉक्स' दिसला तर मी पुढे वाचणार नाही. त्या पीटीचं लायसन्स सापडलं नाही तर शुक्रवारी साडेआठनंतर फोन कर, त्याआधी माझ्या नोट्स चालू असतात. आईला सांग, चकलीची भाजणी मिळाली.

तुझी,
मावशी