मराठी मीडियम, कन्नड रूममेट आणि इंग्रजी डॉक्युमेंटेशन

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात कंप्युटर सायन्सचा डिप्लोमा करतोय. पायथॉन बऱ्यापैकी येतं. ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) काम करावं असं खूप वाटतं, पण डॉक्युमेंटेशन उघडलं की दोन पानांत डोकं जड होतं, आणि इश्यू, म्हणजे प्रोजेक्टला अडचण कळवणारी नोंद, लिहायचा तर इंग्रजी चुकेल म्हणून टाकतच नाही. माझा रूममेट कन्नड मीडियमचा, त्याचंही हेच. आम्ही दोघांनी मिळून सगळं डॉक्युमेंटेशन मराठी-कन्नडमध्ये करून टाकावं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: करा की, पण सगळं नको, आणि सुरुवात तिथून नको.

आधी इश्यूचं बघू. गणपत गल्लीत मोडक्या कन्नडमध्ये भाव करताना लाजतोस का? इथंही तेवढंच धाडस पुरतं. समोरच्याला तुझं व्याकरण नको असतं, कुठली व्हर्जन, कुठली ऑपरेटिंग सिस्टीम, काय कमांड दिली, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं एवढं हवं असतं, आणि एरर जशीच्या तशी टेक्स्टमध्ये पेस्ट कर, स्क्रीनशॉट नको, तो कुणाला सर्च करून सापडत नाही. आणि इंग्रजीवाल्यांचं कधी अडत नाही असंही नाही: रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९९५ मध्ये जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोंनी बाहेर आणली, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं तिची बहुतेक माहिती जपानीतच होती, म्हणजे तेव्हा अडत होते ते इंग्रजीवाले.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. तू जिथं अडतोस तिथं दर वेळी तुझं इंग्रजीच कच्चं असतं असं नाही. कितीतरी वेळा तिथं चार ओळींचं एकच वाक्य असतं, नाहीतर मधली एक पायरीच गाळलेली असते, कारण लिहिणाऱ्याला ती इतकी पाठ झालेली असते की लिहायची राहून जाते. तर तुम्ही दोघं एकच परिच्छेद घ्या, तू मराठीत सांग काय कळलं, तो कन्नडमध्ये सांगू दे, आणि दोघांचे अर्थ वेगळे निघाले तर मूळ मजकूरच संदिग्ध असण्याची शक्यता मोठी. तेच इश्यू म्हणून टाका, जमलं तर सोपं वाक्य लिहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल स्वीकारा अशी विनंती, पण द्या. त्याचा फायदा ब्राझीलच्या नि व्हिएतनामच्या पोरांनाही होतो आणि हे काम आतल्या माणसांना स्वतःहून दिसतच नाही, तुमच्यासारख्यांनाच दिसतं!

भाषांतराचं म्हणशील तर अवघड भाग पुढं आहे. सॉफ्टवेअर बदलत राहतं, आणि जुनं झालेलं भाषांतर नवख्याला सरळ चुकीच्या वाटेला लावतं. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या टूलच्या पीओ फाइलमध्ये (तिच्यात मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीनं असतं) मूळ वाक्य बदललं की त्याचं भाषांतर 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायचं, म्हणून मार्क होतं आणि वाचणाऱ्याला तेवढ्यापुरतं इंग्रजी दिसतं, म्हणून अशी सोय असलेलाच प्रोजेक्ट निवड. पायथॉनची पद्धत मला फार पटते. २०१७ च्या पेप ५४५ (पायथॉनचा भाषांतराबद्दलचा प्रस्ताव) प्रमाणं मराठीसारखी एखादी भाषा पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनच्या साइटवरच्या यादीत यायला आधी बग कळवायचं पान, पूर्ण ट्युटोरियल आणि बिल्ट-इन फंक्शन्सचं पान एवढं व्हावं लागतं. नवीन माणूस पहिल्यांदा जिथं येतो तेच आधी, बाकीचं सावकाश. तुम्हीही ट्युटोरियलच्या एकाच प्रकरणापासून लागा, पण त्याआधी त्या भाषेची टीम आहे का ते बघून त्यांना विचारा, नाहीतर तेच काम दोनदा होतं.

फायरफॉक्स मराठीत आहे आणि कन्नडमध्येही, त्याचं भाषांतर पोंटून नावाच्या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच होतं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) नाही आलं तरी अडत नाही, म्हणून हात बसवायला ते बरं.

मशीन ट्रान्सलेशन वाचायला खुशाल वापर, पण तेच उचलून भाषांतर म्हणून देऊ नको, कमांड नि कीवर्डसुद्धा कधीकधी त्यात बदलून जातात आणि मग कोड चालत नाही.